दीडशे रुपयांचे शाईपेन

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी भारती वरठा दिवसातला दुसरा अर्ज लिहीत होती. विषय रेशनकार्डात नाव चढवण्याचा. समोर प्लास्टिकच्या स्टुलावर रानशेतचा एक तरुण बाप बसला होता आणि जिचे नाव चढवायचे ती आठ महिन्यांची मुलगी त्याच्या मांडीवर झोपली होती. चौथ्या ओळीच्या मध्यावर भारतीने बॉलपेन खाली ठेवले, उजवा हात टेबलाखाली नेला आणि डाव्या हाताने अंगठ्याचे मूळ घट्ट धरले. वीस सेकंदांनी पेन पुन्हा उचलले.

"काय झालं, बाय?"

"काही नाही. मुलीचं नाव परत सांग."

नाव तिला माहीत होते. वरच्या ओळीत ते लिहून झाले होते. बापाने ते सावकाश, अक्षर अक्षर तोडून सांगितले. तेवढा वेळ हाताला पुरला.

डहाणूच्या तहसील कार्यालयापासून चार मिनिटांच्या अंतरावर प्रितेशचे झेरॉक्सचे दुकान आहे. दुकानापुढे पत्र्याची पडवी, पडवीत घडीचे टेबल, टेबलावर कोऱ्या कागदांचे दोन गठ्ठे, शिक्क्याची शाई आणि पाण्याची बाटली. एकवीस वर्षे भारती इथे बसते. वय सेहेचाळीस, घर कैनाडला, शिक्षण कोसबाडला बारावीपर्यंत. अर्ज लिहून देणे हा तिचा धंदा. दाखले आता संगणकावर निघतात, पण वारस नोंदीची विनंती, मोजणीची तक्रार, वीज मीटर बंद असल्याचे पत्र, रेशनकार्डातून उडालेले नाव हे सारे अजून कागदावर लिहून द्यावे लागते. संगणकवाले ते टाइप करून देतात. माणसे तरी भारतीकडे येतात, कारण ती विचारते. थोरला कोण, घरात कोण राहतो, कामाला बाहेर कोण गेलाय आणि तो कधी येणार. तलाठी चौकशीला येईल त्या दिवशी सगळे घरी हवेत, हे अर्ज लिहितानाच ठरवावे लागते. लिहून झाले की ती मराठीतला अर्ज वारलीत वाचून दाखवते. ऐकणारा मान हलवतो, क्वचित "असं नाय" म्हणतो. मग ती पान बदलते. असं नाय म्हटल्यावर पान बदलणारी ती तिथे एकटीच आहे.

दुखणे दिवाळीत सुरू झाले. आधी पाचव्या अर्जानंतर दुखायचे, मग तिसऱ्या, आता दुसऱ्याच्या चौथ्या ओळीत. गावातल्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलाय म्हणाले, चढवायला एक पट्टा दिला.

"विळा धरता?"

"धरते. त्यानं दुखत नाही. पेनानं दुखतं."

"मग एक तर लिहिणं थांबवा, नाहीतर दाबणं."

भारतीने हे घरी नवऱ्याला सांगितले. मुकेश डहाणू ते तलासरी इको गाडी चालवतो, प्रवाशांची. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तू काय म्हणतेस?"

"होळीपर्यंत बघते. नाही जमलं तर टेबल उचलते. प्रितेशला रंगीत मशीनला जागा पाहिजेच आहे."

"तो बोलला तुला?"

"दिवाळीला एकदाच. ताई, कधी सोडलीत तर मला सांगा, म्हणाला. त्यात वाईट काही नाही."

मुकेश चौथीपर्यंत शिकला आहे. सही करतो, गाडीच्या कागदांवर तारखा वाचतो, त्यापलीकडे लिहिण्याचा त्याचा संबंध नाही. पण घरी एकवीस वर्षे रोज संध्याकाळी बायको भाकरी थापता थापता त्याला त्या दिवशीचे अर्ज सांगते. नावे न घेता. कुणाचे मीटर, कुणाची मोजणी. हे थांबले तर संध्याकाळी काय बोलायचे, हा त्याचा प्रश्न होता. तो त्याने कुणाला विचारला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने प्रवाशांना विचारायला सुरुवात केली. न दाबता चालणारे पेन कोणते? मागच्या सीटवरच्या मुलींनी जेल पेन सांगितले. भारतीने ते लावून पाहिले. चालले बरे, पण बोटांची पकड तीच राहिली आणि सांध्याला काही फरक पडला नाही. तलासरीला उतरणारे एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "शाईपेन आण. शाईपेनाला दाबलंस तर तेच रुसतं."

मुकेशने त्याच दिवशी तलासरीच्या बाजारात चाळीस रुपयांचे शाईपेन घेतले. जाड, हिरवे, पारदर्शक. यात शाई ड्रॉपरने थेट पोटात भरायची असते. घरी आल्याआल्या त्याने ते दिव्यासमोर धरले.

"टाकी बघ केवढी! एकदा फुल केली की पंधरा दिवस बघायला नको."

"गाडी आहे का ती?"

"ॲव्हरेज बघायला नको?"

पहिले दोन दिवस पेन चांगले चालले. तिसऱ्या दिवशी, टाकी अर्ध्याखाली आल्यावर, साडेबाराच्या उन्हात एका वारस अर्जाच्या शेवटच्या ओळीवर निबेतून शाईचा टपोरा थेंब पडला आणि "अर्जदार" या शब्दावर पसरला. भारतीने टिपकागद लावला, पण व्हायचे ते झाले होते. पोट रिकामे होते तशी आत हवा वाढते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाई बाहेर ढकलते. हे कारण तिला नंतर कळले. त्या क्षणी एवढेच कळले की दीड पान पुन्हा लिहायचे आहे. तिने ते बॉलपेनने लिहिले. संध्याकाळी तिला कढईचा दांडा उचलता आला नाही. मुकेशने कढई उतरवली आणि पेनाकडे पाहिले.

"अर्धी झाली की ओकतंय होय?"

"तुझा दोष नाही."

"मी दुसरं आणतो. उंबरगावला मोठं दुकान आहे, गुजरातमधला माल..."

"मुकेश. गाडी घेतलीस तेव्हा मी आले होते की नाही?"

"आलेली."

"क्लच मी दाबून बघितला होता?"

"नाही."

"मग पेन घेताना तू ये. बघू मात्र मला दे."

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी, कार्यालयाला सुट्टी म्हणून, दोघे डहाणू रोड स्टेशनजवळच्या दौलतकाकांच्या दुकानात गेले. दौलतकाकांची किनाऱ्याकडे चिकूची वाडी आहे, वाडी मुलगा बघतो. काका त्र्याहत्तराव्या वर्षीही रोज दुकान उघडतात. वह्या, कंपास, पूजेचे सामान, आणि मागच्या काचेच्या पेटीत शाईपेने. ही पेटी आठवड्यातून एखाद्याच गिऱ्हाइकासाठी उघडते. सून निधी ती काढून टाका म्हणते. काका तिला बहिरे असल्याचे दाखवतात.

"शाईपेन पाहिजे," मुकेश म्हणाला. "चांगल्यातलं. पण फार महाग नको."

"कुणाला?"

"हिला."

"मग तुम्ही त्या पिशव्या न्याहाळा थोडा वेळ." काका भारतीकडे वळले. "ताई, कागद आणलाय?"

"कागद?"

"ज्यावर रोज लिहिता तो. पेन मागाहून. कागद न बघता पेन घ्यायचं म्हणजे पाऊल न बघता चप्पल घ्यायची."

भारतीच्या पिशवीत दोन कागद होते, जाड लेजरचा एक आणि झेरॉक्सचा एक. काकांनी झेरॉक्सच्या कागदाचा कोपरा बोटांत चोळला आणि नाक मुरडले. हा शाई पितो, म्हणाले. जाड निब लावली तर प्रत्येक अक्षराला मिशा फुटतील आणि मागच्या बाजूला लिहिता येणार नाही. म्हणजे निब बारीक. त्यांनी पेटीतून तीन पेने काढून काचेवर ठेवली, नव्वद, दीडशे आणि दोनशेवीसचे. मुकेश पिशव्या सोडून परत आला होता. त्याने दोनशेवीसचे उचलले. धातूचे, सोनेरी क्लिपचे, हाताला भरीव.

"हे घे. वजन बघ कसलं आहे."

"तेच वाईट," काका म्हणाले. "वजन कोण उचलणार? अंगठा. त्यात पकडीला पॉलिश. मार्चपासून डहाणूत घामानं चावी हातात राहत नाही, हे काय राहणार? ठेवा ते. लग्नात द्यायला आहे."

मुकेशने ते ठेवले. ठेवताना क्लिपवर एकदा बोट फिरवले.

नव्वदचे लिहायला गुळगुळीत होते, पण टोपण फिरकीचे. काकांनी विचारले, टोपण दिवसातून किती वेळा काढता? भारतीने हिशोब केला. एक ओळ लिहायची, मग विचारायचे. उत्तर यायला कधी दहा सेकंद लागतात, कधी माणूस बाहेर जाऊन भावाला फोन करून येतो. उघडी निब तेवढ्यात सुकते. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला टोपण. दिवसाला साठ-सत्तर वेळा.

"साठ वेळा फिरकी फिरवली तर लिहायच्या आधीच अंगठा संपेल. ढकलून बसणारं टोपण पाहिजे."

दीडशेचे पेन असे राहिले. साधे काळे प्लास्टिक, हलके, पकडीला किंचित खरखरीत, टोपण टक् करून बसणारे. शाई आतल्या छोट्या पंपाने ओढायची, त्यामुळे हाताची ऊब थेट शाईला लागत नाही. निब बारीक. आणि निब बिघडली तर वेगळी मिळते.

"लिहा," काका म्हणाले. "रोजचं लिहा. नाव-गाव नको."

भारतीने लेजरच्या कागदावर लिहिले, "मा. तहसीलदार साहेब यांसी, विनंती अर्ज करण्यात येतो की." काकांनी अक्षरांकडे पाहिले नाही. त्यांनी कागद उचलला, उलटा केला, डोळे मिटले आणि मागच्या कोऱ्या बाजूवरून तर्जनी फिरवली. मग मुकेशचे बोट धरून त्यालाही फिरवायला लावले. प्रत्येक अक्षर मागे उठून आले होते.

"हे आंधळ्यालाही वाचता येईल," काका म्हणाले. "ताई, खाली कार्बन घालता का?"

"घालायचे. दोन प्रती. एक कार्यालयात, एक पोच घ्यायला."

"आता?"

"आता प्रितेश झेरॉक्स काढतो. कार्बन बंद होऊन..." ती थांबली. "आठ वर्षं झाली."

आत निधी वह्यांचे गठ्ठे मोजत होती, तीही थांबली.

"हाताला कुणी सांगितलं नाही वाटतं," काका म्हणाले.

भारतीने हाताकडे पाहिले. मग ती हसली आणि हसता हसता पदराने नाक पुसले. मुकेश पटकन पिशव्यांकडे वळला.

शाई निवडायला आणखी पाच मिनिटे लागली. काकांनी दोन ओळी वेगवेगळ्या शाईने लिहून त्यांवर ओले बोट टेकवले. गडद निळी लगेच पसरली, निळी-काळी जागेवर राहिली. भारतीची माणसे अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोवतात, गाडीच्या गर्दीत तो घामाने भिजतो. तिने निळी-काळी घेतली. पेन आणि बाटली मिळून दोनशे दहा रुपये झाले. काकांनी दोनशे घेतले आणि निरोप देताना सांगितले, "पेन शिकणार नाही. तुम्हाला शिकावं लागेल."

ते खरे निघाले. एकवीस वर्षांपैकी तेरा वर्षे जो हात दोन कागदांच्या आरपार लिहीत आला, तो सांगून ऐकेना. पेन दाबले नाही तर ती लिहिते आहे असे तिलाच वाटेना. मंगळवारी दुपारी, एक मोठा मोजणीचा अर्ज घाईने लिहिताना, निबेची दोन टोके फाकली. एका रेघेच्या जागी दोन बारीक रेघा उमटू लागल्या, मध्ये कोरा कागद. मुकेश संध्याकाळी दौलतकाकांकडून पंचवीस रुपयांची नवी निब घेऊन आला.

"काका काय म्हणाले?"

"ही शेवटची आहे म्हणाले. पुढचा माल होळीनंतर."

तिने नवी निब बसवली आणि रोज सकाळी मुकेशची इको निघायच्या आधी ओट्यावर बसून वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर रेघा ओढू लागली. हलक्या, आडव्या, उभ्या. रेघ हलकी यायची. रेघेचा शब्द झाला की हात पुन्हा पहिल्यासारखा. दुपारपर्यंत अंगठा पट्ट्यात. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिने दिवसाला तीन अर्ज लिहिले, उरलेल्या माणसांना प्रितेशच्या ओळखीच्या टाइपवाल्याकडे पाठवले. त्यातले दोघे टाइप केलेला कागद घेऊन परत तिच्याकडे आले, फक्त वाचून घ्यायला. एकाला तिने वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, "असं नाय." त्याचे पान तिला बदलता आले नाही.

त्या संध्याकाळी तिने प्रितेशला विचारले, "तुझ्या रंगीत मशीनला केवढी जागा लागते?"

"ताई, होळी अजून अकरा दिवस आहे."

"तुला कुणी सांगितलं होळीचं?"

"मुकेशभाऊंनी. आणि हेही सांगितलं की मी आत्ता मशीनचं नाव काढलं तर इकोखाली घालतील."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, अकरा वाजता बुधीबाई आली. रानशेतची, पासष्टीच्या पुढची, धोडींच्या घरातली. नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला. डोंगराच्या कुशीतल्या नागलीच्या शेताच्या तुकड्यावर त्याच्या जागी स्वतःचे नाव लावायचे होते. हा अर्ज तिने नऊ वर्षे पुढे ढकलला होता, त्यालाही कारण होते. तिला अंगठा लावायचा नव्हता.

"नातीनं सही शिकवली," तिने स्टुलावर बसता बसता जाहीर केले. "दोन पावसाळे लागले. आता लिव."

भारतीने लिहिले. सवा पान झाले. मध्ये तीन वेळा थांबली, एकदा पट्टा सैल केला. मग वारलीत वाचून दाखवले. बुधीबाईने डोळे मिटून ऐकले आणि शेवटी मान हलवली. भारतीने पान तिच्यापुढे सरकवले आणि खास सही करणाऱ्यांसाठी ठेवलेले बॉलपेन तिच्या हातात दिले.

बुधीबाईने ते उलटसुलट करून पाहिले. "हा नाय. तुझा दे."

"आय, सहीला हाच चालतो."

"लिवलंय एकानं, सही दुसऱ्यानं. साहेब म्हणंल, ही बाय दुसरीच."

असा कुठलाही नियम नाही. पण तालुक्यातल्या वाड्यापाड्यांवर ही समजूत पक्की आहे. अर्ज ज्या पेनाने लिहिला त्याच पेनाने सही झाली पाहिजे, नाहीतर कागद खोटा दिसतो. मागे थांबलेल्या दोघांनी लगेच बुधीबाईची बाजू घेतली. प्रितेश मशीनमागून म्हणाला, "ताई, देऊ नका. ही शेवटची निब आहे."

"तू कागद मोज," बुधीबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली.

भारतीने बुधीबाईच्या हाताकडे पाहिले. सगळे आयुष्य विळा आणि कोयता धरलेला हात. असल्या हाताखाली बॉलपेनने कागद फाटताना तिने शंभर वेळा पाहिला होता. निब फाकली तर होळीपर्यंत दुसरी नाही, आणि होळीनंतर टेबल नाही. पण समोरच्या बाईने एका सहीसाठी नऊ वर्षे घालवली होती.

तिने टोपण काढले आणि पेन दिले. "सांभाळून, आय. टोक नाजूक आहे."

बुधीबाईने पेन विळ्यासारखेच मुठीत घेतले. मग निबेच्या टोकावर चमकणारी शाई तिला दिसली. तिने करंगळीने टोकाला स्पर्श केला, बोटावरचा डाग पाहिला.

"ओला हाये गं हा!"

"हो. शाई आहे."

"मग आधी सांगायचं ना." तिने मूठ सोडली. पेन मागे सरकवले, पार शेंड्याजवळ, आणि दोन बोटांत नुसते टेकवून ठेवले. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट कागदावर पसरले. "ओल्याला दाबायचं कशाला? काडीला कोण दाबतं?"

वारल्यांच्या घरी लग्नात भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचे चित्र, लिहितात, असेच म्हणतात, लिहितात. तांदळाच्या पिठात बुडवलेली बांबूची काडी, खाली शेणाने सारवलेली भिंत. काडी दाबली तर भिंत खरवडते आणि पीठ खाली ओघळते. बुधीबाईने तीस वर्षे शेजारपाजारच्या लग्नांचे चौक लिहिले होते. चौक सवाशिणींनी लिहायचा असतो, त्यामुळे नवरा गेल्यापासून तिने काडी धरली नव्हती.

सही पूर्ण व्हायला दोन मिनिटे लागली. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत रेघ एकसारखी, बारीक. धोडीतल्या "ध"पाशी ती थांबली, हात उचलला, श्वास घेतला आणि पुढे गेली. भारतीने कागद उलटा केला आणि मागे बोट फिरवले. कागद सपाट होता.

"आय, परत धरून दाखव."

"काय?"

"पेन. कसं धरलंस ते."

"तू शिकलेली बाय, मला विचारतेस?"

"विचारते."

मागचे दोघे हसले. बुधीबाई हसली नाही. तिने पेन भारतीच्या हातात दिले, मग स्वतःच्या हाताने भारतीची बोटे एकेक करून मागे सरकवली. "हितं धर. पुढं धरलंस की जोर येतोच. ही दोन बोटं खाली टेकव. हात यांच्यावर चालंल, पेन नुसता वर बसंल. अंगठा? अंगठ्याचं काय काम हाये? त्याला झोपू दे."

भारतीने कोऱ्या कागदावर तिच्याच सांगण्यावरून रेघ ओढली. वाकडी आली.

"येईल," बुधीबाई म्हणाली. "माझी दोन पावसाळ्यांनी आली."

"मला अकरा दिवस आहेत."

"दहा. आजचा गेला." तिने अर्ज पिशवीत घातला, पिशवी कमरेला खोवली. "चल, साहेब जेवायला जाईल."

दहा दिवसांत भारतीचे अक्षर बदलले. पेन मागे धरल्याने ते मोठे आणि गोल झाले, पूर्वीच्या एका पानाला आता दीड पान लागते. पहिले तीन दिवस ते इतके वाईट होते की एका शिक्षकाने "मुलीने लिहिलंय का?" असे विचारले. चौथ्या दिवशी चार अर्ज झाले. सातव्या दिवशी सहा. सहाव्या अर्जाच्या शेवटी तिच्या लक्षात आले की पट्टा सकाळपासून पिशवीतच आहे. त्या संध्याकाळी तिने मुकेशला सहाही अर्ज सांगितले, एका दमात. मीटरचे प्रकरण दोनदा सांगितले. त्याने दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकले.

होळी झाली. दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा डॉक्टरांकडे गेली. सांधा होता तसाच आहे, असे त्यांनी सांगितले. झीज भरून येत नाही. सूज मात्र उतरली आहे.

"लिहिणं थांबवलं की दाबणं?"

"दाबणं."

"दिवसाला किती लिहिता?"

"सहा. सातव्याला दुखतं. मग मी सहाच लिहिते."

आता ती सहा अर्ज लिहिते आणि त्यानंतर येणाऱ्याला दुसऱ्या दिवशीची वेळ देते. पूर्वी नऊ व्हायचे. कमाई तेवढी घटली, आणि ती मुकेशच्या एका जादा फेरीने भरून निघत नाही. हे दोघांनाही माहीत आहे. सही करणाऱ्यांना ती तेच पेन देते, देताना टोकाला बोट लावायला सांगते. ओले आहे हे कळल्यावर बहुतेक बायकांची मूठ सुटते. पुरुषांची सुटत नाही. त्यांच्यासाठी दौलतकाकांकडून आलेल्या दोन निबा तिच्या पिशवीत आहेत. बुधीबाईच्या अर्जावर चौकशीची तारीख लागली आहे. त्या दिवशी तिचे दोन्ही मुलगे घरी असतील, हे अर्ज लिहिला तेव्हाच ठरले होते.

मार्च संपत आला तेव्हा एका मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता प्रितेशने पडवीत टेप धरून मोजमाप घेतले. रंगीत मशीन आत, काउंटरच्या डाव्या बाजूला बसेल आणि टेबल पडवीतच राहील असे ठरले. भारतीने सहावा अर्ज वाचून दाखवला, अर्जदाराने मान हलवली, तिने टोपण टक् करून लावले. उद्या बुधवार, पेन धुवायचा दिवस. दुकानामागच्या नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत सात-आठ मिनिटे लागतात, मग निब फडक्यावर सुकवायची. कार्यालय पावणेदहाला उघडेल. पहिला अर्ज दहा वाजता सुरू होईल.